कुमाऊंच्या गावात तीन मुक्काम, केवळ तिथल्या जेवणासाठी : प्रथमच जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

उत्तराखंडातल्या कुमाऊं या डोंगराळ भागाच्या माझ्या पहिल्या सहलीत मी तीन दिवस अल्मोड्याजवळ राहिले आणि एकदाही भट्टाची चुडकाणी, म्हणजे काळ्या देशी सोयाबीनचा दाट रस्सा, खाल्ली नाही. आरक्षण करताना 'घरगुती पहाडी जेवण' असे शब्द वाचले होते. प्रत्यक्षात रोज पनीर, मटार-बटाटा आणि तंदुरी रोटी पुढे आली. दुसऱ्या संध्याकाळी मी चुडकाणीची विचारणा केली, तेव्हा तिथल्या स्वयंपाक्याने प्रामाणिकपणे सांगितले की तो मैदानी भागातला असून त्याला ती येत नाही. तिसऱ्या दिवशी शेजारच्या घरातल्या एका आजींनी मला अंगणात बसवून सांगितले, की अगोदर कळवले असते तर आदल्या रात्री गहत म्हणजे कुळीथ भिजत घातले असते आणि त्यांच्या वाटणाचे डुबके खाऊ घातले असते. तोपर्यंत माझी परतीची गाडी ठरलेली होती.

त्यानंतर मी तीनदा गेले आणि त्या आजींचे म्हणणे हाच नियोजनाचा पाया मानला. कुमाऊंनी स्वयंपाकातले बरेच पदार्थ आदल्या संध्याकाळी सुरू होतात, त्यामुळे या सहलीचे वेळापत्रक बघण्याच्या ठिकाणांवरून ठरत नाही, तर कोणत्या रात्री काय भिजत घालायचे आहे यावरून ठरते. पुढील टप्पे उत्तराखंडातील अल्मोडा–बिनसर पट्ट्यासाठी लिहिले आहेत. महाराष्ट्रातून निघून दोन रात्री रेल्वेत आणि तीन रात्री गावात असा त्यांचा आवाका आहे.

१. एकच गाव निवडा

नैनिताल, कौसानी, मुक्तेश्वर आणि बिनसर ही चारही ठिकाणे एका सहलीत बसवण्याचा मोह टाळावा. अशा सहलीत दुपारचे जेवण रस्त्यावरच्या ढाब्यावर होते आणि रात्री कोणत्याही घरी पोहोचेपर्यंत चूल विझलेली असते.

अल्मोड्यापासून कसारदेवी, कपडखान या बाजूला मोटाररस्त्यालगतची गावे आहेत, तर बिनसर अभयारण्याच्या परिसरात सत्री, गोनाप, कठधारा यांसारखी लहान गावे आहेत, जिथे शेवटचा टप्पा पायी गाठावा लागतो. सोबत वयस्कर माणसे किंवा लहान मुले असतील तर रस्त्यालगतचे गाव निवडा. चालण्याची तयारी असेल तर आतले गाव निवडा, कारण तिथे बाजारातला भाजीपाला कमी येतो आणि ताटात शेतातलेच अधिक पडते. हा पट्टा साधारण १,६०० ते २,४०० मीटर उंचीवर असल्याने लडाखसारखा उंचीचा त्रास सहसा होत नाही. त्रास होतो तो वळणांचा, आणि त्याविषयी पुढे लिहिले आहे.

२. ऋतू ठरवताना शेताकडे पाहा

माझ्या मते ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि नोव्हेंबर हा सर्वोत्तम काळ आहे. भट्ट, गहत आणि मडुवा (नाचणी) यांची कापणी-मळणी या सुमारास चाललेली असते, अंगणात चटयांवर धान्य वाळत असते, आणि आकाश निरभ्र असल्याने त्रिशूल, नंदादेवी व पंचाचुली ही शिखरे सकाळी स्पष्ट दिसतात. पिकून पिवळसर झालेली मोठी पहाडी काकडीही याच दिवसांत मिळते. ती किसून दह्यात कालवतात आणि वाटलेली मोहरी घालून जो रायता करतात, त्याचा झणका थेट नाकात जातो.

डिसेंबर-जानेवारीत थंडी कडक असते, पण गडेरी म्हणजे तिथला अळकंद, गहताची डाळ आणि सना हुआ नींबू यांचा हा हंगाम आहे. हा शेवटचा पदार्थ दुपारच्या उन्हात बसून खायचा असतो. मोठ्या पहाडी लिंबाच्या फोडी, मुळा, दही, गूळ आणि भाजून वाटलेले भांगेचे दाणे एकत्र कालवले की आंबट, गोड, तिखट अशा सगळ्या चवी एका घासात येतात. मकरसंक्रांतीला गेलात तर घुघुते पाहायला मिळतील. आपण तीळगूळ वाटतो त्या दिवसांत तिथली मुले गूळ-कणकेच्या तळलेल्या घुघुत्यांच्या माळा गळ्यात घालून कावळ्यांना हाका मारतात.

मार्च-एप्रिलमध्ये बुरांश हा लाल फुलांचा वृक्ष फुलतो आणि त्याचे सरबत घरोघरी होते. काफळाची फळे एप्रिलअखेरीपासून येऊ लागतात. मे-जून मात्र नवख्यांनी टाळावा. या काळात जंगलांना वणवे लागतात. जून २०२४ मध्ये बिनसरच्या वणव्यात वनविभागाच्या कर्मचाऱ्यांचे प्राण गेले. शिवाय १५ जूनला कैंची धाम या आश्रमात वार्षिक उत्सव असतो आणि त्या सुमारास भवालीकडून अल्मोड्याला जाणारा रस्ता तासन्‌तास अडतो. जुलै-ऑगस्टमध्ये दरडी कोसळतात, म्हणून थोड्या दिवसांच्या सहलीसाठी तोही काळ सोयीचा नाही.

३. घर निश्चित करण्यापूर्वी दूरध्वनीवर बोला

उत्तराखंडात होमस्टेची नोंदणी पर्यटन विभागाकडे होते, आणि मालकाचे कुटुंब त्याच घरात राहत असावे ही त्यामागील मूळ कल्पना आहे. प्रत्यक्षात 'होमस्टे' हा शब्द कोणीही पाटीवर लिहितो. म्हणून संकेतस्थळावरची छायाचित्रे पाहून पैसे भरू नका; घरातल्या माणसाशी बोला आणि पुढील गोष्टी विचारा.

स्वयंपाक घरातले कोण करते? घरची शेती आहे का, आणि सध्या शेतातून काय येत आहे? चूल पेटते का, की सगळे गॅसवर होते? स्वयंपाक चालू असताना जवळ बसता येईल का? मांसाहार होतो का, आणि तुम्ही खात नसाल तर भांडी वेगळी मिळतील का? यातल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे आहे. 'जो आप बोलेंगे बना देंगे' असे उत्तर आले तर दुसरे घर शोधा. 'अभी तो गडेरी और पालक है, भट्ट घर का है' असे उत्तर आले तर तिथेच थांबा.

घर ठरल्यावर पदार्थांची यादी मागणीपत्रासारखी पाठवू नये. 'तुम्ही घरी जे खाता तेच आम्हाला हवे आहे, आणि शक्य झाल्यास एकदा भट्ट, एकदा गहत आणि एकदा मडुव्याची रोटी करा' एवढे सांगणे पुरेसे आहे. पाहुण्याला साधे अन्न वाढायला तिथल्या बायका संकोचतात. पनीर आणले नाही तर आपण कमी पडलो असे त्यांना वाटते, म्हणून ही गोष्ट आधी आणि स्पष्ट शब्दांत सांगावी लागते. सोबत सोयाबीनची अॅलर्जी असलेले कोणी असेल तर तेही आधीच सांगा, कारण भट्ट हा सोयाबीनचाच काळा, देशी प्रकार आहे.

४. प्रवास आखताना दिवसाचा उजेड सांभाळा

मुंबई, पुणे किंवा नागपूरहून प्रथम दिल्ली गाठावी. दिल्लीहून काठगोदामपर्यंत रेल्वे जाते. रात्रीची राणीखेत एक्सप्रेस पहाटे पोहोचवते आणि पहाडातला प्रवास उजेडात करता येतो, म्हणून मी तीच निवडते. ती दिल्ली जंक्शन म्हणजे जुन्या दिल्लीच्या स्थानकावरून सुटते, नवी दिल्लीहून नव्हे. विमानतळावरून तिथे पोहोचायला हाताशी किमान तीन तास ठेवा. रेल्वे आरक्षण आता ६० दिवस आधी खुले होते. दिवाळीच्या सुटीतले तिकीट हवे असेल तर त्याच दिवशी काढावे.

काठगोदाम ते अल्मोडा हे अंतर सुमारे ८० ते ९० किलोमीटर आहे आणि त्याला साधारण तीन-चार तास लागतात. पुढे गावापर्यंत आणखी तासभर धरा. हल्द्वानी आणि काठगोदामहून प्रवासी वाटून घेणाऱ्या जीपगाड्या मिळतात, त्या स्वस्त असतात पण भरल्याशिवाय निघत नाहीत. अल्मोड्याच्या अलीकडे क्वारबजवळ गेल्या काही वर्षांत डोंगर खचत असल्याने वाहतूक अधूनमधून रोखली जाते. निघण्यापूर्वी यजमानांना रस्त्याची स्थिती विचारा. ते गरज पडल्यास राणीखेतमार्गे यायला सांगतील.

वळणांचा त्रास होणाऱ्यांनी निघण्यापूर्वी तळलेले काही खाऊ नये, पुढच्या आसनावर बसावे, आणि उलटीची गोळी गाडीत बसण्यापूर्वी घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. परतीच्या दिवशी दुपारी बारानंतर गाव सोडू नका, कारण एखादी लहानशी दरडही दोन तास घेते.

५. सोबत काय घ्यावे

कागदपत्रांमध्ये प्रत्येकाचे छायाचित्र असलेले मूळ ओळखपत्र आणि रेल्वे तिकिटाची छापील प्रत घ्यावी. परदेशी पारपत्र असलेले नातेवाईक सोबत असतील तर यजमानांना आधी सांगा, कारण त्यांच्या मुक्कामाची माहिती शासनाला कळवण्याची जबाबदारी यजमानांवर असते. बिनसर अभयारण्यातून जायचे असेल तर अयारपाणीच्या फाटकावर प्रवेशशुल्क भरावे लागते आणि ती पावती परत येईपर्यंत जपावी लागते.

रोख रक्कम, तीही शंभर-दोनशेच्या नोटांत, जरूर ठेवा. अल्मोड्याच्या बाजारात मोबाईलने पैसे देता येतात, पण आतल्या गावात नेटवर्क गेले की तो मार्ग बंद होतो.

सामानात गरम कपडे, घट्ट पकड असलेले बूट, विजेरी, नेहमीची औषधे, पाण्याची बाटली, एक वही आणि मसाले बांधून आणण्यासाठी झाकणाच्या चार-पाच रिकाम्या डब्या असाव्यात. भेट म्हणून मिठाईचा खोका नेण्यापेक्षा आपल्याकडचे काहीतरी न्या. मी आमसुले आणि थालिपिठाची भाजणी नेली होती. आमसूल कसे वापरायचे हे सांगताना बोलणे सुरू झाले, आणि त्या बोलण्यातूनच स्वयंपाकघराचे दार माझ्यासाठी उघडले.

६. घरात कसे वागावे

जुन्या कुमाऊंनी घरात खालच्या मजल्यावर गुरे असतात आणि त्या भागाला 'गोठ' म्हणतात. शब्द ऐकताच मराठी माणसाला ओळखीचे वाटते. माणसे वरच्या मजल्यावर राहतात. स्वयंपाकघरात सोवळेपणाचा थोडाफार विचार बहुतेक घरांत अजून आहे, म्हणून बोलावल्याशिवाय आत जाऊ नये, चपला बाहेर काढाव्यात, हात धुवावेत आणि चुलीजवळच्या कशालाही विचारल्याशिवाय हात लावू नये. छायाचित्रासाठी प्रत्येक वेळी परवानगी मागा.

यजमानीणबाईंना 'दीदी' किंवा 'भाभी', वयस्कर स्त्रीला 'आमा', आजोबांना 'बूबू' आणि वयाने मोठ्या पुरुषाला 'दाज्यू' म्हटले की अंतर लवकर मिटते. आईला तिथे 'ईजा' म्हणतात.

उन्हाळ्यात आणि कोरड्या हिवाळ्यात पाणी नौल्यातून, म्हणजे दगडी बांधणीच्या झऱ्याच्या कुंडातून, डोक्यावर आणलेले असू शकते. आंघोळ एका बादलीत भागवा. अंधार पडल्यावर एकट्याने पायवाटेने फिरू नका. या जंगलात बिबटे आहेत.

७. तीन दिवसांचे ताट कसे आखावे

पहिल्या दिवशी तुम्ही दुपारी पोहोचाल आणि पोट प्रवासाने बिघडलेले असेल. त्या दिवशी भात, झोली म्हणजे तिथली कढी, आणि पालकाचा कापा एवढेच मागा. कापा तांदळाच्या पिठीने दाट केलेला असतो आणि अत्यंत सौम्य असतो. पोहोचल्यावर लगेच भट्टाचे पदार्थ खाऊ नयेत, ते पचायला जड असतात. संध्याकाळी चहा पिताना दुसऱ्या दिवशीच्या डुबक्यांसाठी गहत भिजत घालण्याची आठवण करा. गहत म्हणजे आपले कुळीथ, हुलगे. कोकणात पिठीचे पिठले खाणाऱ्याला डुबके परके वाटणार नाहीत, तरी त्यांची चव वेगळी आहे, कारण ते भिजवून वाटलेल्या दाण्यांचे असतात आणि लोखंडी कढईत मंद आचेवर शिजतात.

दुसरा दिवस स्वयंपाकघरासाठी राखून ठेवा आणि कोठेही फिरायला जाऊ नका. सकाळी न्याहारीला मडुव्याची रोटी मागा. मडुवा म्हणजे नाचणी. तिथे ती बरेचदा गव्हाच्या कणकेत मिसळून किंवा तिचे सारण भरून करतात आणि तूप-गुळाबरोबर किंवा पिसलेल्या मिठाबरोबर खातात. हे मीठ पाट्यावर हिरवी मिरची, लसूण, कोथिंबीर घालून वाटलेले असते. प्रत्येक घराचे वेगळे असते.

दुपारी डुबके खावेत, आणि संध्याकाळी चुडकाणी होताना प्रत्यक्ष पाहावी. मी पाहिली ती अशी. लोखंडी कढईत मोहरीचे तेल तापल्यावर मूठभर काळे भट्ट पडले आणि आमांनी लगेच ताट झाकले, कारण दाणे तडतडून उडतात. आवाज मंदावल्यावर त्यांनी झाकण काढले. प्रत्येक दाण्याच्या काळ्या सालीला चीर पडून आतला पिवळा गर दिसत होता. मग कांदा, जिरे, आणि दोन चमचे कणीक त्याच तेलात खमंग होईपर्यंत परतली, धने-हळद-मिरची घातली, आणि पाणी ओतताच रस्सा राखाडी दिसू लागला. मी निराश झालेली पाहून त्या म्हणाल्या, 'अभी रुको.' पाऊण तासाने तोच रस्सा काळसर हिरवा आणि दाट झाला होता. हा रंग लोखंडाच्या कढईतून येतो, स्टीलच्या भांड्यात तो येत नाही. भातावर वाढताना वरून जंबूची, म्हणजे एका पहाडी वनस्पतीच्या वाळलेल्या पातीची, तुपातली फोडणी पडली.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेतावर किंवा जंगलाच्या कडेने चालून या, म्हणजे दुपारी भूक लागेल. त्या दिवशी भट्टाचा जौळा म्हणजे भट्ट-तांदळाची मऊ खिचडी, आलू के गुटके म्हणजे मसाल्यात परतलेले बटाटे आणि भांगेची चटणी, किंवा हिवाळा असेल तर गडेरी मागावी. गोडासाठी मादिऱ्याची खीर मागा. मादिरा हे झंगोऱ्याचे कुमाऊंनी नाव आहे आणि ते धान्य आपल्या उपासाच्या भगरीच्या जवळचे आहे. भांगेचे नाव ऐकून घाबरू नये. चटणीत वनस्पतीचे बी भाजून वाटतात आणि बियांना नशा नसते.

सिसौण म्हणजे बिच्छू घास हीदेखील भाजी म्हणून खातात. कोवळी पाने शिजल्यावर तिची आग जाते, पण खुडण्याचा प्रयत्न उघड्या हातांनी करू नका.

८. खरेदी करताना फसू नका

अल्मोड्याचा लाला बाजार दगडी फरशीचा आणि बराच लांब आहे. तिथे बालमिठाई आणि मालू या वेलीच्या पानात गुंडाळलेली सिंगौडी मिळते. दोन्ही खव्याच्या असल्याने परतीच्या दिवशीच घ्याव्यात, ताज्या आहेत ना हे चाखून पाहावे आणि घरी पोहोचल्यावर लगेच संपवाव्यात.

धान्य आणि कडधान्य शक्यतो यजमानांकडून घ्या. काळे भट्ट, गहत, मडुवा, झंगोरा आणि अल्मोड्याची लखोरी मिरची यांना २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेव्हापासून 'पहाडी' हा शब्द पाकिटावर हमखास दिसतो, पण आतले धान्य पहाडातलेच असेल असे नाही. घरच्या गहताचे दाणे लहान आणि कमी-अधिक रंगांचे असतात. एकसारखे, टपोरे आणि चकचकीत दाणे पाहून भुलू नका.

जंबू ही हिमालयाच्या उंच भागातली कांद्याच्या कुळातली वनस्पती असून तिची वाळलेली पाती फोडणीत घालतात; गंद्रायणी हे सुगंधी मूळ डाळीत पडते. दोन्ही महाग असतात आणि अगदी थोडी लागतात. पन्नास ग्रॅम जंबू लहान कुटुंबाला वर्षभर पुरतो. घेण्यापूर्वी चिमूटभर तळहातावर चोळून वास घ्या. नुसता गवताचा वास आला तर तो जुना आहे.

एक गंभीर सूचना. भांगेचे दाणे भारतात खाण्यासाठी वापरात असले तरी परदेशी, विशेषतः आखाती देशांत, ते मुळीच नेऊ नयेत. तिथे राहणाऱ्या नातेवाइकांसाठी खरेदी करत असाल तर हे लक्षात ठेवा; तिथे खसखशीवरही बंदी आहे.

९. पैशांचे बोलणे

मुक्काम आणि जेवण यांचा दर आधी ठरवून घ्यावा. दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघरात तीन-चार तास बसता, विचारता, लिहून घेता, तो त्या बाईंचा कामाचा वेळ असतो, म्हणून त्या शिकवण्याचे पैसे वेगळे द्यावेत आणि ते शक्यतो त्यांच्याच हातात द्यावेत. घरातल्या पुरुषाने हिशेब केला की ती रक्कम एकत्र होऊन जाते, असा माझा अनुभव आहे. घासाघीस करू नये. चुलीचे लाकूड आणि नौल्याचे पाणी बहुतेक वेळा त्याच बाईंनी वाहून आणलेले असते.

१०. घरी परतल्यावर

वहीतल्या नोंदी आठवड्याच्या आत व्यवस्थित लिहून काढा. 'थोडे', 'अंदाजाने' अशा शब्दांचा अर्थ महिन्याभराने लागत नाही. जंबू घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत, उजेडापासून दूर ठेवा.

सुरुवात डुबक्यांपासून करा, कारण कुळीथ महाराष्ट्रात कोठेही मिळतात. वाटीभर कुळीथ निवडून रात्री भिजत घाला. सकाळी थोडे रवाळ वाटा. लोखंडी कढईत मोहरीच्या तेलावर जिरे, हिंग, आले-लसूण परतून वाटण घाला, पाणी घालून ताकाइतके पातळ करा आणि उकळी येईपर्यंत हात थांबवू नका, नाहीतर तळाला लागते. उकळी आल्यावर आच कमी करून पाऊण तास शिजू द्या, अधूनमधून ढवळा, मीठ शेवटी घाला. जेवायला बसताना तुपात चिमूटभर जंबू टाका, तो तांबूस होताच कढईत ओता आणि लगेच झाकण ठेवा. सोबत गरम भात हवा.